मॅडमच्या पेटीचा डोळा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते म्हणजे कुलरचं गवत बदललं.

उन्हाळा तोंडावर आला होता. मी कुलर अंगणात ओढला, बाजूच्या जाळ्या काढल्या आणि जुनं गवत उपसून टाकलं. आमच्याकडच्या पाण्यानं ते पांढरं आणि काडीसारखं कडक झालं होतं. मॅडम पायरीवर बसून नवं गवत पिंजत होती. डॉक्टरनं तिला काम करायला बंदी केली होती, पण गवत पिंजणं हे काम आहे हेच तिला कबूल नव्हतं. जाळ्या भरून झाल्यावर वरून तार घातली. तारेचं एक टोक तिनं धरलं, दुसरं माझ्या पकडीत. माझं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. नखं निळसर दिसत होती. मी तसाच बघत राहिलो.

"बघत काय बसलात, मिस्तरी? पिळा."

मी तार पिळली. कुलर खिडकीला लावला, पाणी ओतलं, बटण दाबलं. ओल्या गवताचा वास घरभर सुटला. ती समोर खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "हां. आत्ता उन्हाळा आला."

बस, एवढंच. याच्यापुढं आम्ही मिळून काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ती कोण होती ते सांगू द्या, नाहीतर हे नुसतं म्हाताऱ्याचं रडगाणं होईल. तिला रडगाणं अजिबात खपायचं नाही.

तिचं नाव कुसुम. नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. ती कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा सगळे मॅडम म्हणायला लागले, मग मीही चेष्टेनं मॅडम म्हणायला लागलो, आणि चेष्टा कधी संपली ते कळलं नाही. मी पत्र्याचं काम करणारा माणूस. कुलर, धान्याच्या कोठ्या, पेट्या. दुकान शहागंजात. शाळा सातवीपर्यंत. म्हणून ती मला मिस्तरी म्हणायची. फिजिक्सची मॅडम आणि पत्र्याचा मिस्तरी, असा आमचा संसार. लोकांना त्याचं लई नवल वाटायचं. आम्हाला वाटायला सवड नव्हती.

तिचा आवडता विषय क्वांटम. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यातलं माझ्या डोक्यात जे शिरलं तेवढंच इथं लिहितोय. चुकलं असलं तर ती चूक माझी, तिची नाही.

मॅडमचा अंबाडा म्हणजे खडूचा डबा. शिकवताना खडू हातात जड झाला की ती तो केसांत खोचायची आणि विसरायची. घरी आल्यावर मी उपसायचो. पदराला कायम खडूची भुकटी. चालणं जोरात, हसणं त्याहून जोरात. आणि तोंडात एक शब्द सदा तयार: कशावरून?

शेजारच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, आज लई उकडतंय हो."

"कशावरून?"

"अहो कशावरून म्हणजे? घाम येतोय!"

"मग घाम येतोय म्हणा ना. मला नाही उकडत, मला नुसती भूक लागलीये."

काकू चिडल्या नाहीत. त्यांना सवय होती. पुढं पुढं तर काकू स्वतःच बोलता बोलता थांबायच्या आणि म्हणायच्या, "कशावरून म्हणाल तर सांगते."

तिच्या विषयातलं ती माझ्याशी पहिल्यांदा जे बोलली ते दह्यावरून. मला एक खोड होती. रात्री विरजण लावलं की सकाळी मी भांड्याचं झाकण काढायचो, भांडं तिरकं करून हलवायचो आणि म्हणायचो, दही लागलं नाही. ती म्हणायची, "लागलं होतं हो. तुम्ही हलवलं म्हणून मोडलं. आता ते लागलेलं होतं का नव्हतं, सांगणार कोण?" मी म्हणायचो, "मग हात न लावता कळायचं कसं?" तर ती अशी खूश व्हायची, जसं काही मी तिला साडी आणली. म्हणायची, "याच एका प्रश्नावर माझं पोट चालतंय, मिस्तरी."

आता लग्नाचं सांगतो, कारण तिच्या शिकवण्यात ते सारखं यायचं.

आम्ही लासूर स्टेशनकडचे, ती करमाडची. मामा आणि थोरला भाऊ मला घेऊन मुलगी बघायला गेले. गाडीतून उतरलो, तर मला लघवीला लागली. हे दोघं पुढच्या दारी पाय धूत होते, मी घराच्या मागं गेलो. तिथं बघतो तर एक पोरगी शेळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून आतून कागद ओढतीये आणि ओरडतीये, "ओक! ओक म्हणते ना! अख्खा प्रकाशाचा धडा खाल्लास, भवाने!" शेळीही इरेला पेटलेली. कागद अर्धा हिच्या हातात, अर्धा तिच्या पोटात. मी भिंतीआड उभा राहून पोट धरून हसलो आणि गुपचूप पुढं आलो.

थोड्या वेळानं तीच पोरगी पोह्यांचं ताट घेऊन आली. मान खाली. पदर डोक्यावर. पावलांचा आवाज नाही. मामानं विचारलं, "पापड लाटता येतात का, बाळ?"

"व्हय." इतका बारीक आवाज, की मला वाटलं शेळीनं आवाजही खाल्ला.

परतताना मामा म्हणाले, "पोरगी गाईसारखी गरीब आहे." मी म्हणालो, मला पसंत आहे. पण मी होकार दिला तो घराच्या मागच्या पोरीला. पुढच्या खोलीतली मी नीट बघितलीही नव्हती.

ही गोष्ट मी तिला लग्नानंतर किती तरी वर्षांनी सांगितली. तोवर ती शिकून मॅडम झाली होती. माझा त्यात वाटा एवढाच, की मी आडवा आलो नाही आणि सायकलवर डबल सीट कॉलेजला सोडत राहिलो. ऐकल्यावर ती आधी लाजली, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग एकदम मास्तरीण झाली.

"म्हणजे तुम्ही मला चोरून बघितलं?"

"व्हय."

"आणि मला कळलं नाही, म्हणून मी जशी होते तशी राहिले. आत सगळ्यांनी बघितलं तेव्हा मी दुसरीच झाले. आणि मामांनी पापडाचं विचारलं म्हणून पापडाचं उत्तर आलं. मला कुठं येतात पापड लाटायला!"

ते मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं होतं. तिचे पापड नकाशासारखे व्हायचे.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी बघायला येण्याचा हा कार्यक्रम उदाहरण म्हणून तिच्या वर्गात सुरू झाला. सूक्ष्म कणाचं असंच असतं, ती सांगायची. मोजायच्या आधी त्याचं काही एक पक्कं ठरलेलं नसतं. तुम्ही जो प्रश्न विचारता त्याचंच उत्तर तो देतो, आणि उत्तर दिल्यावर तो आधीचा राहत नाही. पोरं खिदळायची, पण डोक्यात राहायचं. मात्र मॅडमचं एक होतं. कुठलंही उदाहरण दिलं की ते कुठं फाटतं हेही ती लगेच सांगायची. म्हणायची, "इथं आमचं उदाहरण फाटलं बरं का. माणसाला चोरून बघता येतं. आमच्या मिस्तरींनी बघितलंच. इलेक्ट्रॉनला चोरून बघायची सोयच नाही. त्याला गाठायचं तर त्याच्यावर काहीतरी आपटायलाच लागतं, निदान उजेडाचा एक दाणा तरी. आणि त्याला लाज वाटत नाही, तो मान खाली घालत नाही. लाज आपली, माणसांची. ती त्याच्या गळ्यात मारू नका."

मी पत्रा जोडणारा माणूस. कुठं सांधा फाटेल हे आधीच सांगणारा कारागीर लाखात एक. तिला मी त्यासाठी मानायचो.

आता पेटीचं.

एक दिवस ती दुपारी दुकानात आली. घामाघूम, अंबाड्यात खडू. "मिस्तरी, पेटी पाहिजे. लांबट. आतून काळी कुट्ट. एका टोकाला लेझरची टॉर्च बसेल असं भोक, मधे आडवा पत्रा, त्याला ब्लेडनं पाडलेल्या दोन बारीक फटी, एकमेकीला जवळजवळ चिकटलेल्या. दुसऱ्या टोकाला दुधी काच."

मी जीव लावून पेटी केली. सांधे असे, की मुंगी शिरणार नाही. आणि माझ्या डोक्यानं एक जादा गोष्ट केली. बाजूला, फटींच्या बरोबर समोर, रुपयाएवढा गोल डोळा ठेवला. धान्याच्या कोठीला आम्ही ठेवतो तसा, आतलं धान्य दिसावं म्हणून.

मॅडमनं टॉर्च लावली. दुधी काचेवर काही दिसेना, नुसता फिकट डाग. तिनं पेटी फिरवली, डोळा बघितला आणि खालीच बसली पत्र्याच्या तुकड्यांवर.

"हे काय केलंत?"

"आत काय चाललंय ते बघायला नको?"

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. शेजारच्या दुकानातले चाचा धावत आले, "क्या हुआ भाभी को?" ती हातानंच त्यांना परत पाठवत म्हणाली, "काही नाही चाचा, सगळ्या जगाला जे बघता आलं नाही ते बघायला आमच्या मिस्तरींनी खिडकी ठेवली!"

मी टोपण करून दिलं. गोल, डोळ्यावर घट्ट बसणारं. ते लावलं, बाहेरचा उजेड आत यायचा बंद झाला, आणि काचेवर काळ्या-तांबड्या पट्ट्या उभ्या राहिल्या. लुगड्याच्या काठासारख्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. दोन फटी, मग दोन रेघा पडायला पाहिजेत. इतक्या पट्ट्या कुठून?

तेव्हा तिनं सांगितलं. उजेड लाटेसारखा दोन्ही फटींतून जातो, दोन लाटा एकमेकींत मिसळतात, कुठं वाढतात, कुठं मिटतात, म्हणून पट्ट्या. इथवर ठीक. पण उजेडाचे दाणे एका वेळी एकेकच सोडले, तरी हळूहळू पट्ट्याच जमतात. म्हणजे एकटा दाणाही दोन्ही फटींचं भान ठेवून जातो. आणि तो कुठल्या फटीतून गेला हे कळायची कुणी सोय केली, की पट्ट्या गेल्या. नुसता पसरट डाग.

"म्हणजे माझ्या डोळ्यामुळं झालं ते हेच?"

"नाय हो. तुमच्या डोळ्यातून नुसता बाहेरचा उजेड आत आला. खोटं श्रेय घेऊ नका." फाटतं कुठं ते सांगायचं तिनं इथंही सोडलं नाही.

पण तो डोळा तिनं बुजवू दिला नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत ती पेटी वर्गात न्यायची. पोरांना विचारायची, हा डोळा कशाला असेल? कुणी काही, कुणी काही सांगायचं. मग ती सांगायची, "हा माणसाचा पहिला विचार आहे. आत काय चाललंय ते बघावं. विचार चांगलाच आहे. पण त्याला टोपण का लागतं, ते आपण वर्षभर शिकणार आहोत." माझ्या चुकीवर तिनं अख्खं वर्ष उभं केलं. मला कुणी असा मान दिला नव्हता.

खरा तमाशा तिनं घरी दाखवला. पैठण गेटच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून फुटक्या स्क्रीनवरचा काळसर पापुद्रा आणला. तो उभा धरला तर उभा हलणारा उजेडच त्यातून जातो, आडवा धरला तर आडवा हलणारा, असं ती म्हणाली. टॉर्चच्या पुढं माझ्याकडची केसासारखी बारीक तार उभी ताणली. तारेच्या दोन्ही बाजूंनी उजेड गेला आणि भिंतीवर पट्ट्या पडल्या. मग तिनं तारेच्या एका अंगाला पापुद्र्याचा तुकडा उभा लावला, दुसऱ्या अंगाला आडवा. पट्ट्या गेल्या.

"आता सांगा, कुणी बघितलं? तुम्ही बघितलं कोण कुठून गेलं ते?"

"मी तर भिंतीकडं बघतोय."

"मीही. कुणीच बघितलं नाही. नुसती खूण राहिली, उभी का आडवी. खूण पुरते. डोळ्याची गरजच नाही." मग तिनं तिसरा तुकडा घेतला, तारेच्या पुढं तिरका धरला. पट्ट्या परत आल्या. "खूण पुसली."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आता हा काय म्हणतोय म्हणून.

मी म्हणालो, "मला वाटलं सेल गेला होता, आता लागला."

तिनं कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी जेवताना तिनं मला स्वतःच्या ताटातला ठेचा वाढला. ते तिचं बक्षीस असायचं.

आमच्या कॉलनीच्या सभागृहात एकदा एक पाहुणे बोलायला आले होते. विषय विज्ञान आणि मन. गोड आवाज, झब्बा पांढरा शुभ्र. म्हणाले, तुम्ही बघता म्हणून जग आहे, क्वांटम विज्ञानानं हे सिद्ध केलंय, मनात आणाल ते घडेल. बाया-माणसं माना डोलवत होती. मला माझ्या शेजारून तो शब्द येणार हे कळलंच होतं.

"कशावरून?"

मॅडम उभी राहिली. "माणूस नसला, नुसतं यंत्र असलं, तरी तेच होतं. हवेचा एखादा कण आपटला तरी होतं. त्यात मन कुठून आलं? माझ्या नजरेत एवढी ताकद असती तर माझ्या वर्गातली सगळी पोरं नुसती बघून पास झाली असती."

लोक हसले. पाहुणे हात जोडून म्हणाले, "माताजी, याचा अनुभव घ्यावा लागतो."

"मी मॅडम आहे. माताजी घरी गेल्यावर."

घरी जाताना ती स्कूटरवर मागं बसून माझ्या पाठीला म्हणाली, "लोकांना वाटतं बघणं एक तर फुकट असतं, नाहीतर जादू असतं. दोन्ही नाही हो. ज्याला बघायचंय त्याला स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं, आणि समोरच्याचंही काहीतरी जातं. एवढंच आहे." हे वाक्य मी विसरलो नाही. पुढं ते आमच्याच घरात कामाला आलं.

दोनेक वर्षांमागं तिचं हृदय थकलं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तिनं दारातून ओरडून सांगितलं, "मला ऐकू येतंय." डॉक्टरनं पट्टा बांधला की तिचं बीपी वाढायचं, घरी बरोबर यायचं. मी म्हणालो, "बघ, तुझं क्वांटम." ती म्हणाली, "हे क्वांटम नाही, ही भीती आहे. गल्लत करू नका."

आमची एकुलती एक लेक मनीषा. पुण्यात नोकरी करते. आईवर तिचा जीव, पण रजा मिळत नाही. एका रविवारी ती आली आणि हॉलच्या कोपऱ्यात वर कॅमेरा लावून गेली. मोबाईलवर तिला पुण्यात बसून आई दिसणार. कॅमेऱ्यात बोलायचीही सोय. चांगल्या मनानं लावला, त्यात वाद नाही.

पण त्या दिवसापासून घरात मॅडम दिसेनाशी झाली. खुर्चीत पाय खाली घेऊन बसायला लागली. पदर खांद्यावर नीट. लोणचं बंद, कारण वरून आवाज यायचा, "आई, मीठ!" हसणं अर्धं. एकदा मी तिला पाणी दिलं तर "थँक यू" म्हणाली. इतक्या वर्षांत मला कधी थँक यू म्हणाली नव्हती. मी म्हणालो, "काय झालंय तुला?"

ती हळूच म्हणाली, "मला बघायला आलेत, मिस्तरी. रोजच आलेत. दिवसभर मी पोह्यांचं ताट धरून उभी आहे." आणि मग म्हणाली, "राहिले असतील तेवढे दिवस मला घराच्या मागच्या पोरीसारखे काढायचेत. एवढंच पाहिजे. दुसरं काही नको."

मी उठलो. माळ्यावरून पेटी काढली. डोळ्यावरचं टोपण उचकटलं. स्टुलावर चढलो आणि कॅमेऱ्यावर दाबून बसवलं. जरा सैल होत होतं, कडा ठोकून घेतली. बसलं.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, कॅमेरा काळा का झालाय? तुम्ही काढलात ना?"

"टोपण लावलंय."

"बाबा, तिला काही झालं तर मला कळायचं कसं? तुम्हाला ऐकू कमी येतं, तुम्ही दुकानात जाता. मी इथं काम करू का हेच बघत बसू?"

पोरगी रडत होती. मॅडमनं फोन घेतला. मला वाटलं रागावेल, पण तिचा आवाज मऊ होता.

"मनू, तुला मी बघायचीये ना? मग ये. तिथून तुला जी दिसती ती मी नाही, ती तुला दाखवायला बसवलेली बाई आहे. तू ये, माझ्या अंगाला हात लाव, माझ्याशी भांड. मी बदलेन, तूही बदलशील. फुकटात बघू नकोस बाळा. त्यात काही दिसत नाही."

मनीषा पुढच्या आठवड्यात आली. रजा कशी मिळवली ते तिलाच ठाऊक. आल्या आल्या दोघी लोणच्यावरून भांडल्या. असल्या कडाकडा भांडल्या, की काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी मी बघतो तर मनीषाच्या मांडीवर आईचे पाय, आणि दोघी मोबाईलवर काहीतरी बघून खिदळतायत. एका बशीत लोणच्याची फोड, निम्मी. त्यानंतर ती दर महिन्याला येत राहिली. टोपणाचं तिनं पुन्हा विचारलं नाही.

राहिलो मी.

मला सकाळी लवकर जाग येते. उठल्यावर मी तिच्या छातीकडं बघत पडून राहायचो. पांघरूण वर-खाली होतंय का. एकदा मिटल्या डोळ्यांनीच ती बोलली, "श्वास बघताय ना?"

"नाय."

"खोटं बोलू नका. तुम्ही बघायला लागलात की मला श्वास घ्यायचा कसा तेच सुचत नाही. त्या कॅमेऱ्याला टोपण लावलंत, आता तुमच्यासाठी कुठून आणू?"

मग तिनंच ठरवून दिलं. सकाळी उठलात की माझ्याकडं बघायचं नाही. सरळ स्वयंपाकघरात जायचं. चहा टाकायचा. पातेलं वाजवायचं. मी येईन.

"आणि नाही आलीस तर?"

"तर चहा झाल्यावर या."

मी कबूल केलं. सोपं नव्हतं. पण पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायचो, चहा टाकायचो, चमच्यानं पातेलं वाजवायचो, आणि थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज यायचा. "एवढं वाजवायला काय झालं, वरात आहे का?" असं म्हणत मॅडम यायची. तो आवाज ऐकायचा आनंद मी कसा सांगू? बघत पडून राहिलो असतो तर तो मला कधी मिळालाच नसता. रोज सकाळी ती मला नव्यानं मिळाली. हे तिचं देणं आहे. माझ्यासारख्या अडाण्याला ते मिळालं, मी नशीबवान.

कुलरचं गवत बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. कुलर चालू होता, गवताचा वास होता. मी तिच्याकडं बघितलं नाही. स्वयंपाकघरात गेलो. आलं ठेचलं, चहा टाकला, पातेलं वाजवलं. दोन कप भरले. तिच्या कपावर बशी झाकली. माझा चहा बसून प्यायलो, सगळा. मग पुन्हा एकदा वाजवलं, जरा हळू.

चहा झाला होता. मी आत गेलो.

कपाळाला हात लावला. मग कुलर बंद केला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसलो. आणि बघितलं. पोटभर बघितलं. हनुवटीवरचं गोंदण, कानाजवळचे पांढरे केस, तोंड जरासं उघडं, काहीतरी विचारायला निघाल्यासारखं. अंबाडा सुटला होता. तारेनं बोटाला पडलेला वळ अजून तिथंच होता. बघत काय बसलात, असं कुणी म्हणालं नाही. किती वेळ बसलो माहीत नाही.

मग उठलो आणि पुण्याला फोन लावला. मनीषा म्हणाली, "बाबा? एवढ्या सकाळी?"

मी म्हणालो, "ये. आईला बघायला ये."